पाय उचलून काय कळतं?

शंकाकार : कमरेतून निघून पोटरीत, घोट्यात उतरणाऱ्या कळेचा रुग्ण आज दवाखान्यात येतो तो बहुधा एमआरआयची पिशवी हातात घेऊनच. अशा माणसाला टेबलावर उताणं झोपवायचं, गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलायचा, गुडघ्यावर आणि टाचेमागे हातोडीचे ठोके द्यायचे, पावलाला टाचणी टोचून ‘इथे कळतंय का, तिथे कळतंय का’ विचारायचं, हे सगळं आता का करायचं? पाय उचलण्याची चाचणी क्ष-किरणांच्याही आधीची आहे. शरीरात डोकावायची दुसरी सोय नव्हती, तेव्हा ती निघाली. तिच्या अचूकतेचा सविस्तर आढावा २०१० साली वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने घेतला. शस्त्रक्रियेच्या वाटेवर असलेल्या रुग्णांमध्ये, ज्यांची मणक्यांमधली गादी खरोखर सरकली होती अशा शंभरातल्या ९२ जणांना पाय उचलताना दुखत होतं. इथवर चाचणी उत्तम वाटते. पण ज्यांची गादी सरकलेली नव्हती अशा शंभरातल्याही ७२ जणांना दुखत होतं. जवळजवळ प्रत्येकाला ‘हो’ म्हणणाऱ्या चाचणीवर माणसाच्या पाठीचा निर्णय कसा सोपवायचा?

समर्थक : आकडे खरे आहेत, पण ते कोणाचे आहेत हे आधी पाहू. त्या अभ्यासांतली ‘गादी न सरकलेली’ माणसं काही धडधाकट नव्हती. पायातली कळ असह्य झाली म्हणूनच ती शल्यविशारदापर्यंत पोचली होती. सगळेच दुखणेकरी असलेल्या अशा गटात दुखण्यावर आधारलेली कोणतीही चाचणी बोथटच दिसणार. दुसरी गोष्ट, ‘दुखलं’ म्हणजे काय, यावर त्या अभ्यासांत एकमत नाही. पाय साठ अंशांवर आल्यावर मांडीमागे ओढ बसली, एवढ्यावर चाचणी ‘पॉझिटिव्ह’ लिहिणारे पुष्कळ आहेत. ती ओढ तर निरोगी माणसालाही बसते. खरी खूण अशी, की साधारण तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान, रुग्ण एरवी सांगतो तीच कळ गुडघ्याखाली उतरली पाहिजे. मग पाय जरासा खाली आणून कळ थांबवायची आणि पाऊल घोट्यातून वर दाबायचं. मांडीमागचे स्नायू घोट्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे मांडीतली, कुल्ल्यातली कळ त्या दाबाने परत उठली, तर स्नायूपेक्षा नसेचा संशय बळावतो. आणि त्याच आढाव्यातला दुसरा आकडाही सांगायला हवा. न दुखणारा पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ उठणं, ही खूण गादी न सरकलेल्या शंभरातल्या फक्त दहांना आढळते. एक चाचणी शक्यता वगळायला उपयोगी पडते, दुसरी पक्की करायला.

शंकाकार : पण ती दुसरी खूण गादी सरकलेल्या शंभरातल्या २८ जणांतच सापडते, हेही तिथेच लिहिलंय. म्हणजे भरवशाची खूण बहुतेकांत नसतेच आणि बहुतेकांत असते ती भरवशाची नसते. शिवाय या चाचणीचा इतिहास पाहा. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी १८६४ साली सायटिकावर, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या याच कळेवर, निबंध लिहिला, पण त्यात ही चाचणी नाहीच. त्यांचा विद्यार्थी फोर्स्ट याने ती १८८१च्या प्रबंधात मांडली आणि कारण सांगितलं ते असं, की मांडीमागचे स्नायू आवळून नस दाबतात. गादी सरकून नसेचं मूळ दाबलं जातं, हे बॉस्टनच्या मिक्सटर आणि बार यांनी १९३४ साली दाखवून दिलं. मधली पन्नासएक वर्षं डॉक्टर पाय उचलत होते आणि आपण नेमकं काय तपासतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. कारणाचा पत्ता नसताना टिकून राहिलेल्या कृतीला मी शास्त्र कसं म्हणू? तिला परंपरा म्हणता येईल.

समर्थक : मी त्याच इतिहासाकडे वेगळ्या बाजूने पाहतो. फोर्स्टच्या एक वर्ष आधी, १८८० साली, बेलग्रेडच्या लाझा लाझारेविच यांनी मोजक्या रुग्णांच्या निरीक्षणावरून लिहिलं, की पाय उचलल्यावर नस ताणली जाते म्हणून दुखतं. ते सर्बियन भाषेत लिहिलेलं असल्यामुळे पश्चिम युरोपच्या लवकर नजरेस आलं नाही. पुढे फ्रान्समध्येच द ब्यूरमान यांनी मृतदेहात नसेच्या जागी रबरी नळी बसवून पाय उचलला आणि ती ताणली जाते हे दाखवलं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गृध्रसीचं, म्हणजे सायटिकाचं, लक्षण सांगताना पायाची हालचाल अडते, हे नोंदवलेलं आहेच. तेव्हा स्पष्टीकरणं आली, चुकीची ठरली, बदलली, पण पाहिलेलं लक्षण खोटं ठरलं नाही. गादीचा सिद्धांत आला तेव्हा त्यालाही त्याची दखल घ्यावी लागली. निरीक्षण सिद्धांताच्या आधी आलं म्हणून ते कमअस्सल होत नाही.

आणि तुम्ही सगळा वाद पाय उचलण्यावर आणून ठेवलात, तपासणी मात्र त्याहून बरीच मोठी आहे. नस काम करते आहे का, हे ती विचारते. कमरेतली चौथी नस अशक्त असेल तर गुडघ्याचा झटका मंदावतो आणि नडगीची आतली बाजू बधिरते. पाचवी अशक्त असेल तर पायाचा अंगठा वर धरवत नाही, टाचांवर चालता येत नाही, पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. त्याखालची, त्रिकास्थीची पहिली नस दबली असेल तर घोट्याचा झटका जातो, चवड्यावर उभं राहवत नाही, पावलाची बाहेरची कड बधिर होते. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे-बाजूला सरकली, तर ती बहुधा पाचव्या नसेला दाबते, कारण चौथी तिथून आधीच बाहेर पडलेली असते. हातोडी, टाचणी आणि दोन बोटं एवढ्यावर दुखण्याचा मजला सांगता येतो.

शंकाकार : पुस्तकातल्या चित्रात येतो सांगता. माणसाच्या पायावर एका नसेचा इलाखा संपून दुसरीचा सुरू होतो ती सीमा इतकी स्वच्छ नसते. शेजारच्या नसांचे इलाखे एकमेकांवर चढलेले असतात आणि ते माणसागणिक थोडे बदलतात. घोट्याचा झटका वाढत्या वयात अनेकांचा आपसूकच जातो. मधुमेहाच्या रुग्णांत तर त्याच्यावरून काहीच ठरवता येत नाही, आणि मधुमेह आपल्याकडे घरोघरी आहे. अंगठ्याची ताकद एक डॉक्टर पाचपैकी चार लिहितो, दुसरा त्याच दिवशी पाच लिहितो. पोटरीचा स्नायू तर इतका दणकट, की डॉक्टरने हाताने पाऊल दाबून धरलं तर निम्मी ताकद गेलेली असूनही तो हाताला दाद देणार नाही. याउलट एमआरआय गादी कुठे सरकली, किती सरकली, कुठल्या बाजूला सरकली हे मिलिमीटरमध्ये सांगतो. शस्त्रक्रिया करणारा चीर कुठे द्यायची हे चित्र बघून ठरवतो. तुमच्या हातोडीवर विसंबून कोणी पाठ उघडत नाही.

समर्थक : पोटरीचं म्हणाल तर ते तपासणीला कधीचंच ठाऊक आहे. म्हणून तर चांगला तपासणारा तिथे हाताचा जोर लावत नाही. तो रुग्णाला भिंतीचा आधार देऊन एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उचलायला सांगतो आणि दुसऱ्या पायाशी तुलना करतो. शरीराचं सगळं वजन हाच तिथला माप घेणारा हात. एकट्या खुणेवर विसंबू नये, हेही मान्य. झटका गेला, अंगठा ढिला पडला, बधिरपणा त्याच पट्ट्यात आणि कळही त्याच वाटेने, असं सगळं जुळलं तरच बोलावं.

पण मिलिमीटरांचा इतका भरवसा धरू नका. १९९४ साली अमेरिकेत ९८ जणांचा कमरेचा एमआरआय काढला. त्यांतल्या कोणाचीही कंबर दुखत नव्हती. निम्म्याहून अधिक लोकांत, ५२ टक्क्यांत, निदान एक तरी गादी फुगलेली निघाली आणि २७ टक्क्यांत ती पुढे आलेली होती. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. विशीतल्या न दुखणाऱ्या लोकांतही ३७ टक्क्यांत गाद्यांची झीज दिसते आणि ऐंशीच्या घरात ती ९६ टक्क्यांवर जाते. म्हणजे केस पिकावेत तशी गादी झिजते. त्याहून बोलका अभ्यास २०१३चा आहे. सायटिका होऊन वर्ष उलटलेल्या रुग्णांचे एमआरआय पुन्हा काढले, तेव्हा बऱ्या झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांत आणि बऱ्या न झालेल्यांपैकी ३३ टक्क्यांत सरकलेली गादी दिसत होती. कोण बरं झालं हे त्या चित्रावरून ओळखता येत नव्हतं. चित्र आकार दाखवतं. त्या आकाराने नसेचं काम अडलं आहे का, हे ते सांगू शकत नाही.

एक उदाहरण घ्या. माणसाचं पाऊल लोंबकळतं, चालताना चवडा जमिनीला घासतो. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी सरकलेली दिसते, आणि ही गादी दाबते ती नस पाऊल वर उचलणारीच. सगळं चपखल बसतं, शस्त्रक्रिया ठरते. पण पाऊल उचलणारी नस गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, नडगीशेजारच्या बारीक हाडाला वळसा घालून जाते आणि तिथेही ती दबू शकते. तासन्‌तास उकिडवं बसून शेतात काम केल्याने दबते, घट्ट प्लास्टरने दबते, कुष्ठरोगात सुजून जाड होते. तेव्हा रुग्णाला पाऊल आत वळवायला सांगावं. ती हालचाल दुसऱ्या नसेवर चालते, पण तिचंही मूळ मुख्यतः कमरेतल्या पाचव्या नसेतच आहे. पाऊल आत वळवण्याची ताकद शाबूत असेल तर दोष कमरेपेक्षा गुडघ्यापाशी असण्याची शक्यता जास्त. मग तिथे बोट फिरवून नस जाड लागते का ते बघायचं, त्वचेवर बधिर चट्टा आहे का ते शोधायचं. देशपातळीवर कुष्ठरोगाच्या निर्मूलनाचं उद्दिष्ट २००५ साली गाठलं गेलं, तरी गडचिरोली-चंद्रपूरकडे नवे रुग्ण सापडतातच. असा रुग्ण कमरेचा एमआरआय घेऊन आला तर त्याला वाचवणार आहे ते बोटच.

शंकाकार : हे उदाहरण मी मानतो, त्यावर वाद नाही. पण अशा रुग्णाच्या मानाने नुसती कळ घेऊन येणारे कितीतरी पट आहेत. त्यांची ताकद शाबूत, बधिरपणा थोडका, आणि त्यांतले बहुसंख्य काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. नेदरलँड्समधला २००७चा अभ्यास पाहा. दीड ते तीन महिने तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांपैकी निम्म्यांना लवकर शस्त्रक्रिया, निम्म्यांना थांबून उपचार अशी विभागणी केली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झालेले होते. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, एवढाच फरक. तेव्हा माझा प्रश्न दुहेरी आहे. एमआरआय घाईने काढू नये हे मला मान्य, पण मग पाय तरी का उचलायचा? थांबायचंच आहे तर रुग्णाचं म्हणणं नीट ऐकावं, वेदनाशामक द्यावं, चालतं-फिरतं राहायला सांगावं. ज्या तपासणीने सल्ला बदलत नाही ती तपासणी रुग्णाला का दुखवते?

समर्थक : कारण थांबणंही जोखमीचं असतं आणि ते कोणासाठी सुरक्षित आहे हे आधी कळावं लागतं. तपासणीची खरी किंमत एका दिवसात कळत नाही. सोमवारी अंगठ्याची ताकद पाच लिहिली, पुढच्या सोमवारी तीन भरली, तर थांबण्याचा सल्ला तिथेच संपतो. पहिल्या दिवशी कोणी लिहूनच ठेवलं नसेल तर पुढच्या सोमवारची तीन ही जुनी आहे की नवी, हे कोण सांगणार? एमआरआय दर आठवड्याला निघत नाही आणि निघाला तरी ही घसरण त्यात दिसेलच असं नाही.

शिवाय सगळ्या कळा गादीच्या नसतात. खुब्याचा सांधा झिजला तर मांडीतून गुडघ्यापर्यंत दुखतं. पाय मांडीतून आत फिरवला की दोन क्षणांत ते उघड होतं. रक्तवाहिनी अरुंद झाली तर चालताना पोटरी भरून येते. पावलावरची नाडी चाचपली नाही, तर ते दुखणं मणक्याच्या खात्यावर जमा होतं. आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार तर कधीच सोडता येत नाही. ताप, घटलेलं वजन, रात्रीचं दुखणं, मणक्यावर हलका ठोका दिला की होणारी वेदना, पाठीच्या कण्यातून बाहेर आलेला उंचवटा, हे हाताला आणि डोळ्याला कळतं. आणि सर्वांत महत्त्वाचं असं, की पायांचे झटके मंद होण्याऐवजी जास्त उसळत असतील, तळव्याला खरडल्यावर अंगठा वर जात असेल, म्हणजे बाबिन्स्की यांनी १८९६ साली दाखवलेली खूण मिळत असेल, तर दुखणं कमरेत नाहीच. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. दोष त्याच्या वर, पाठीत किंवा मानेत आहे. कमरेचा एमआरआय कितीही स्वच्छ काढला तरी त्यात तो दिसणार नाही, कारण यंत्र चुकीच्या जागेवर लावलेलं असेल. यंत्र कुठे लावायचं, हे हातोडी सांगते.

शंकाकार : आता तुम्ही तातडीच्या गोष्टींवर आलात, म्हणून सर्वांत तातडीची गोष्ट घेऊ. गादीचा मोठा तुकडा सरकून कमरेखालच्या नसांचा अख्खा जुडगा दाबतो. लघवी तुंबते, बैठकीची जागा बधिर होते, शौचावरचा ताबा जातो. इथे काही तासांची दिरंगाई जन्मभर लघवीची नळी लावायला भाग पाडू शकते. आणि नेमकी इथेच तुमची तपासणी सर्वांत दुबळी आहे. गुदद्वाराची पकड बोटाने तपासून ती ढिली आहे का हे ठरवण्यात डॉक्टर वारंवार चुकतात, हे वारंवार दिसून आलं आहे. सुरुवातीला बधिरपणा एका बाजूला, अर्धामुर्धा असतो. सगळ्या खुणा पुस्तकाप्रमाणे भरेपर्यंत बऱ्याचदा वेळ निघून गेलेली असते. ‘तपासलं, ठीक आहे’ हे शब्द रुग्णाच्या कागदावर लिहून डॉक्टर निश्चिंत होतो, हा माझ्या लेखी तपासणीचा सर्वांत मोठा धोका आहे. न तपासणाऱ्याला निदान आपल्याला माहीत नाही हे माहीत असतं.

समर्थक : हा आक्षेप मी पूर्ण स्वीकारतो. या संशयात तपासणी निर्दोष निघाली म्हणून एमआरआय पुढे ढकलणं चूक आहे. इथे तपासणीचा उपयोग पाठवण्यासाठी करावा, थांबवण्यासाठी कधीही करू नये. पण संशय येतो कुठून? रुग्ण आपण होऊन सांगत नाही. लघवी सुटायला वेळ लागतो, धुताना पाण्याचा स्पर्श कळत नाही, हे घरातल्या माणसांसमोर बोलायची बाईला लाज वाटते, पुरुषालाही वाटते. दोन्ही पायांत कळ आली की हे प्रश्न एकांतात, साध्या मराठीत, नाव घेऊन विचारलेच पाहिजेत. लघवीनंतर मूत्राशयात किती उरते हे साध्या सोनोग्राफीवर तालुक्याच्या गावीही मोजता येतं. एमआरआय जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, आणि रात्री दोन वाजता गाडी करून तिथे पाठवायचं की नाही हे कोणीतरी ठरवायचं असतं. त्या माणसाच्या हाती प्रश्न आणि टाचणी याशिवाय काय असतं?

शंकाकार : मग तुमच्या हाताचं आणखी एक काम बोलून दाखवायला हवं, कारण त्याचा फार त्रास लोकांनी सोसला आहे. १९८० साली गॉर्डन वॉडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही खुणा मांडल्या. डोक्यावर हलका दाब दिला तरी कंबर दुखते, झोपवून पाय उचलला की दुखतो पण गप्पांच्या ओघात बसवून गुडघा सरळ केला की दुखत नाही, अशा त्या खुणा. लवकरच त्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत खोटारडे पकडायचं साधन झाल्या. कारखान्यातला कामगार, गाडी चालवणारा माणूस, त्याची तपासणी करायची ती त्याला बरं करायला की उघडं पाडायला, हे त्याला कळेनासं झालं. हात निष्पक्ष नसतो. तपासणाऱ्याच्या मनात जे असतं ते हात शोधून काढतो. यंत्राला निदान रुग्णाबद्दल राग नसतो.

समर्थक : त्या खुणांचा असा वापर झाला हे खरं, आणि वॉडेल यांनी स्वतःच पुढे १९९८ साली, ख्रिस मेन यांच्याबरोबर लिहून, त्यावर हरकत घेतली. या खुणा म्हणजे खोटेपणाचा पुरावा नव्हे. भीती, हताशा, लांबलेली वेदना यांनी शरीर असं वागू शकतं आणि त्या माणसाकडे अधिक लक्ष द्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण यंत्राला राग नसला तरी त्याच्या अहवालाचा इजा करण्याचा गुण कमी नाही. ‘गादी सरकली आहे’, ‘मणक्यात गॅप आहे’ हे शब्द ऐकून पस्तिशीतला माणूस पुढची कित्येक वर्षं वाकत नाही, मुलाला उचलत नाही, कमरेचा पट्टा सोडत नाही. त्याच माणसाला चवड्यावर उभं करून, टाचांवर चालवून, ‘बघा, तुमच्या पायाची ताकद पूर्ण आहे, नस काम करते आहे’ असं त्याच्याच शरीरावर दाखवता येतं. त्याने त्याची भीती उतरते. ते काम कागद करू शकत नाही.

शंकाकार : इथे मी तुम्हाला थांबवतो, कारण दोन वेगळे दावे तुम्ही एकात मिसळलेत. स्पर्शाने धीर येतो, हा एक दावा. स्पर्शाने निदान होतं, हा दुसरा. पहिला खरा असला म्हणून दुसरा खरा ठरत नाही. हाडवैद्यही पाय ओढतो, कंबर चाचपतो, ‘नस चढली होती, बसवली’ असं सांगतो आणि रुग्ण समाधानाने घरी जातो. त्याच्या हातानेही धीर दिलाच की. डॉक्टरच्या तपासणीला शास्त्र म्हणायचं असेल तर तिला धीर देण्याच्या पुण्याईवर उभं करू नका. ती चुकू शकेल अशा रीतीने तिची परीक्षा घ्या.

समर्थक : मान्य. धीराची गोष्ट बाजूला ठेवतो आणि दावा लहान करून पुन्हा मांडतो. रुग्णाची हकिगत, तपासणी आणि चित्र ही तिन्ही एकाच नसेकडे, एकाच बाजूला बोट दाखवत असतील तेव्हाच निदान पक्कं धरावं. पण त्यासाठी एक शिस्त लागते आणि ती फारशी पाळली जात नाही. एमआरआयचा अहवाल उघडण्याआधी तपासणी करून लिहून ठेवायची: डावा पाय, पाचवी नस, ताकद चार, घोट्याचा झटका शाबूत. मगच पिशवी उघडायची. अहवाल आधी वाचला की बोट तेच शोधतं जे डोळ्याने वाचलेलं असतं. आधी लिहिलेलं भाकीत चित्राने खोटं पाडलं तर डॉक्टर काहीतरी शिकतो. तुम्ही म्हणता ती परीक्षा ही आहे, आणि ती रोज, प्रत्येक रुग्णागणिक घेता येते.

शंकाकार : ही शिस्त मला पटते. माझ्या आक्षेपांना मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर. पण आता खरी अडचण पुढे येते. हात आणि चित्र यांचं पटलं नाही तर कोणाचं ऐकायचं? दरवेळी चित्राचंच ऐकायचं असेल तर तपासणी हा विधी झाला. दरवेळी हाताचंच ऐकायचं असेल तर चित्रावरचा खर्च वाया गेला.

समर्थक : सगळ्यांसाठी एकच नियम मला सांगता येणार नाही, पण निर्णयागणिक सांगू शकतो. ताकद कमी होते आहे आणि चित्र निर्दोष आहे, तर हातावर विश्वास ठेवून दुसरीकडे शोधावं: मज्जारज्जूत, गुडघ्यापाशी, रक्तातल्या साखरेत. चित्रात गादी भली मोठी सरकलेली आहे पण पाय मजबूत आहे आणि कळ ओसरते आहे, तर थांबावं. लघवीची तक्रार आहे तर हात काहीही म्हणो, चित्र काढावं. आणि साठीपुढचा माणूस म्हणतो, की थोडं चाललं की दोन्ही पाय जड होतात, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, आणि टेबलावर मात्र तपासणी पूर्ण निर्दोष, तर हाताचं ऐकू नये. मणक्याचा मार्ग अरुंद झालेल्या अशा माणसाची नस निजल्यावर शांतच असते. त्याला दमेपर्यंत चालवून मग पुन्हा तपासावं, आणि तरीही काही सापडलं नाही तर त्याच्या हकिगतीवर विश्वास ठेवावा.

शंकाकार : म्हणजे काही वेळा हात वरचढ, काही वेळा चित्र, काही वेळा दोघांच्याही वर रुग्णाचे शब्द. मला हे योग्य वाटतं, पण यातून आपला मतभेद मिटत नाही, तो नेमका होतो. मी आता तपासणी सोडा असं म्हणत नाही. मी म्हणतो, ज्या खुणेने पुढचा निर्णय बदलेल तेवढीच तपासा आणि तीच चांगली तपासायला शिका. बाह्यरुग्ण विभागात बाकावर पन्नास माणसं वाट पाहत बसलेली असतात. सगळी तपासणी घाईने उरकणाऱ्यापेक्षा चवड्यावर उभं करणं, टाचांवर चालवणं, दोन झटके, लघवीचा प्रश्न, एवढं मन लावून करणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

समर्थक : आणि माझी भीती अशी, की कोणती खूण निर्णय बदलेल हे तपासण्याआधी कळत नाही. गुडघ्याबाहेरची जाड नस, वर जाणारा अंगठा, पावलावर न लागलेली नाडी, यांतलं काहीही तुमच्या छोट्या यादीत बसलं नसतं, आणि ज्याच्यात ते सापडतं त्याच्यासाठी तेच सर्वस्व असतं. पण तुमचंही खरं आहे, की लांब यादी घाईने उरकली की तिच्यातली प्रत्येक खूण पोकळ होते. तेव्हा प्रश्न उरतो तो हात की यंत्र हा नाही. लहान यादी ठेवून क्वचितचा रुग्ण हुकवण्याची चूक आपण पत्करणार, की लांब यादी ठेवून वरवरच्या तपासणीला खरं मानण्याची? या दोन्ही चुकांची किंमत डॉक्टर भरत नाही, टेबलावर झोपलेला माणूस भरतो. म्हणून यादी किती लांब असावी हे ठरवताना आपल्याकडे वेळ किती आहे हा हिशेब पुरेसा नाही, आणि त्याऐवजी कोणता हिशेब धरायचा हे अजून आपल्या दोघांनाही सांगता आलेलं नाही.